उसना कचरा

"जगात प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही," असे भिंगकाकांनी सकाळी साडेसहाला जाहीर केले आणि बायकोची पाठ वळलेली पाहून चहात तिसरा चमचा साखर टाकली. डॉक्टरांनी एकाचीही परवानगी दिलेली नव्हती.

"दोन झाले की तीन?" बायकोने मागे न बघता विचारले.

"माझ्यावर संशय घेतेस?" काका दुखावले गेले.

भिंगकाका हे ऑफिसने ठेवलेले नाव. लोकांनी आपापल्या भागातले तळे, झरा, झाडांची राई राखावी म्हणून त्यांचे ऑफिस छोटी छोटी अनुदाने देई. ती कुणी मध्येच खात तर नाही ना, हे पाहणे काकांचे काम. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला काही खाऊ दिले नव्हते. पुष्कळदा अनुदानच देऊ दिले नव्हते, त्यामुळे काम सोपे जाई.

आजचा अर्ज एका तळ्याचा होता. तळे राखणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे तिथल्याच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी. बांध दुरुस्त करायला त्यांना मदत हवी होती आणि अर्ज तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन वर्षी सोबतच्या फोटोत आरशासारखे पाणी होते. यंदाच्या फोटोत टायर, गोण्या, बाटल्या. एका वर्षात एवढी घाण? कुठेतरी पाणी मुरत होते.

तपासणीची वेळ दहाची कळवली होती. काका सातलाच पोहोचले. सांगितल्या वेळेला गेले की सांगितलेलेच दिसते, असा त्यांचा अनुभव होता.

तळ्याकाठी एक जुनी पाण्याची टाकी होती. काका तिच्याआड उभे राहिले, आणि समोरचे दृश्य पाहून त्यांचे संशयी मन समाधानाने भरून आले. मंडळाचे लोक स्वतःच्या हाताने तळ्यात कचरा टाकत होते.

"टायर अजून थोडं पुढे घे," मावशी काठावरून सांगत होत्या. "साहेबांची नजर कशी आहे कुणास ठाऊक. लांबून दिसायला हवं."

"पुढे नको, डावी बाजू जड होतेय." हे निवृत्त ड्रॉइंगचे सर. बोटांची चौकट करून ते तिच्यातून तळ्याकडे बघत होते. "गोणी मध्यावर आणा. डोळा आधी गोणीवर गेला पाहिजे, मग बाटल्यांवर."

"सर, मला दुकान उघडायचंय," गुडघाभर पाण्यात उभा असलेला पंक्चरवाला म्हणाला. "आणि टायर गिऱ्हाइकाचं आहे. अकराला न्यायला येईल तो."

काका टाकीआडून बाहेर आले. अशा एखाद्या क्षणासाठी माणूस बावीस वर्षे नोकरी करतो.

"चालू द्या, चालू द्या. मी काही बघितलंच नाही असं समजा."

पंक्चरवाल्याच्या हातून टायर निसटले. सरांची चौकट तशीच राहिली, फक्त तिच्यात आता काका होते.

"साहेब, तुम्ही दहाला येणार होतात," मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच सातला आलो. तळं राखणारं मंडळ तळ्यात कचरा टाकतंय! अनुदान तर गेलंच, मावशी. आता मंडळाचं नाव काळ्या यादीत. पुन्हा अर्ज करायची सोय नाही."

मावशींनी नाही म्हटले नाही. पिशवीतून दोन घडी घातलेले कागद काढून त्यांनी पुढे केले. "हे वाचा. नाहीतर राहू द्या, मला पाठ आहे. 'समस्या दिसत नाही. नामंजूर.' दोन्ही वर्षी तेच. खाली सही कुणाची?"

सही वळणदार होती आणि काकांची होती.

"पंधरा वर्षं आम्ही दर रविवारी इथे कंबर मोडून घेतोय. समस्या दिसू दिली नाही, एवढाच गुन्हा आमचा. पलीकडच्या वस्तीने ओढ्याचा उकिरडा केला, त्यांना पहिल्या फटक्यात पैसे. ज्याने घर पडू दिलं त्याला मदत आणि ज्याने सावरून धरलं त्याला शेरा?"

"खोटा फोटो तो खोटाच."

"खोटाच. चुकलं आमचं. पण खरा दिला होता, तेव्हा तुम्ही काय दिलंत?"

त्यावर काकांनी पुरावा गोळा करायला सुरुवात केली. पँट दुमडून ते पाण्यात उतरले, एक बाटली उचलली आणि हुंगली. साबणाचा वास आला. दुसरी उचलली. तीही धुतलेली, वर झाकण घट्ट लावलेले. गोणीचे तोंड सोडले. आत जुन्या चादरी, नीट घड्या घातलेल्या.

"या बाटल्या धुतल्या कुणी?"

"मी," मावशी म्हणाल्या. "पाण्यात टाकायच्या होत्या ना. घाणेरड्या कशा टाकणार?"

भिंगकाकांनी आजवर खोटी बिले पकडली होती, खोटी झाडे पकडली होती, एकदा तर अख्खा खोटा झरा पकडला होता. पण लबाडीला आधी साबण लावणारी माणसे त्यांनी पाहिली नव्हती. तरी मुरलेला संशय इतक्या सहजी जात नाही.

"आणि बांध? तो तरी खरंच गळतोय का?"

मावशी त्यांना बांधाच्या मागच्या अंगाला घेऊन गेल्या. दगडांच्या फटींत माती आणि फाटक्या रेनकोटचे तुकडे कोंबले होते. काकांनी हात लावला. तळवा ओला झाला. उताराला घरांची रांग होती आणि पहिल्याच दारात दोरीवर तान्ह्या बाळाचे कपडे वाळत होते.

"हा बांध यंदाचा पावसाळा काढायचा नाही," पंक्चरवाला म्हणाला. "तळं जाईल आणि ही घरंही. गळती मला कळते, साहेब. ठिगळावर ठिगळ बसत नाही."

"मग याचा फोटो का नाही जोडलात?"

"जोडला होता, दोन्ही वेळा," सर म्हणाले. "ओल फोटोत येत नाही. नुसती भिंत दिसते."

काकांना तो फोटो आठवला. 'भिंतीचा संबंध काय?' असे त्यावर लाल शाईने त्यांनीच लिहिले होते. बावीस वर्षे ज्या चोराच्या मागावर होतो, तो आपल्याच खुर्चीत बसून शेरे मारत होता!

ते तिथल्याच एका दगडावर बसले आणि अर्ज मांडीवर घेऊन लिहू लागले: 'यंदाचा फोटो बनावट. मंडळाने चूक कबूल केली. आधीचे फोटो खरे होते. मी फोटो पाहिले, तळे पाहिले नाही. ती चूक माझी. येथे घाण दिसत नाही, म्हणूनच मदत द्यावी. बांधाला तातडीने.' सही मात्र या वेळी त्यांनी साधीच केली.

मग सगळे कचरा काढायला परत पाण्यात उतरले. भिंगकाकाही उतरले. बाटल्या हातोहात काठावर जाऊ लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही मनापासून मंजूर केल्यामुळे काकांना भाषण फुटले.

"मंडळी, बिघडलेलं दुरुस्त करणाऱ्याला आपण हार घालतो. बिघडूच न देणारा मात्र आपल्या खिजगणतीत नसतो. त्याच्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याने कामच केलं नाही असं आपण समजतो. संशय जरूर घ्यावा, पण संशय घेणाऱ्याने आधी जागेवर जाऊन हात ओला करावा! राखणाऱ्याला वेळेवर दिलेला हात हा..."

"अगदी खरं बोललात, साहेब," मावशी हळूच म्हणाल्या. "फक्त तो डावा पाय जरा उचलता का? खाली बेडकीची अंडी आहेत."