न उलटलेले पान

मंगळवार, तीन डिसेंबर. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. हस्तलिखिताची पृष्ठसंख्या एक, आणि त्या एका पानावरही केवळ शीर्षक होते.

ते मिस्त्रींचे आत्मचरित्र होते. मिस्त्री म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न घडवण्यात ज्यांची हयात गेली ते गृहस्थ. हवी ती वस्तू आधी लाकडात हुबेहूब करायची, वाळूत तिचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे, असे ते काम. आता फुप्फुसे थकून ते अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून दिवसांची भाषा बोलू लागले होते. पुस्तक छापून यावे ही त्यांची हौस नव्हती. त्यातले एकच प्रकरण धाकट्या भावाला समोर बसवून वाचून दाखवायचे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. धाकटा त्याच कारखान्यात त्यांच्या हाताखाली होता. एका कामावरून त्याची नोकरी गेली आणि तेव्हापासून दोघांत शब्द उरला नव्हता.

जे सांगायचे ते मिस्त्रींना तोंडावर सांगवत नव्हते. म्हणून एका दुपारी सगळ्यांना खोलीबाहेर घालवून त्यांनी ते एका छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवले आणि रेकॉर्डर, आत्मचरित्र लिहून देण्यासाठी नेमलेल्या लेखकाच्या हाती दिला.

"हे एकट्यानं ऐका," ते म्हणाले, "आणि नीट लिहा. मला नीट बोलता येत नाही."

लेखकाने ते अजून ऐकले नव्हते.

त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. आळशी माणूस निदान स्वस्थ बसतो. हा दिवसभर राबत असे. त्याने टेबल पुसले, कीबोर्डच्या फटींतला कचरा काडीने टोकरून काढला, ओतकामाच्या इतिहासावर टिपणे काढली, प्रकरणांची नावे लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. कुऱ्हाडीला धार लावता लावता पातेच झिजून जावे, तसे चालले होते. रेकॉर्डिंग ऐकले की लिहावे लागणार, आणि लिहिले की ते साधारण निघणार. न लिहिलेले प्रकरण मात्र अजून उत्तम होते.

ज्या भाड्याच्या खोलीत तो बसे, तिथे त्याच्यासारखीच, नोकरी न धरता कामापुरते लिहून देणारी मंडळी होती. शेजारच्या टेबलावरच्या भाषांतरकार बाईंना सगळे 'परवा' म्हणत, कारण त्या गिऱ्हाइकाला कधीही 'उद्या' सांगत नसत. उद्या म्हटले की लोक खरोखरच उद्या फोन करतात, असा त्यांचा अनुभव. युक्ती त्यांनीच शिकवली. कोणताही एक फोटो घ्यायचा, त्याच्या फाईलच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरे, बदलायचे आणि हस्तलिखित म्हणून धाडून द्यायचा. पलीकडे तो उघडत नाही.

"दोन दिवस सुटतात," परवा म्हणाल्या. "वर तेच आपली माफी मागतात."

सहा चाळीसला त्याने तशी फाईल पाठवली. तासाभरात मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला. फाईल उघडत नव्हती, पण दोष आपल्याच जुन्या कम्प्युटरचा असणार, असे म्हणून तिने खरोखरच माफी मागितली. मग तिचा आवाज बदलला. बाबांनी फक्त "झालं का?" एवढेच विचारले होते, आणि ती "झालं" म्हणाली होती. ते ऐकून त्यांनी तिला काकांना फोन करायला लावला.

"काका येतायत, सर. उद्या चार वाजता. तुम्ही कागदावरच आणा, आणि तुम्हीच वाचा."

एका प्रकरणाला तेवढा वेळ पुरेसा होता. लेखकाने रेकॉर्डर टेबलावर काढून ठेवला. मग अक्षरांचे वळण निवडले, समास आखले, शीर्षकाचे पान छापून पाहिले; ते फिके आले म्हणून शाई बदलली. दुसऱ्या दिवशी निघताना त्याच्या हाती एक जाडजूड गठ्ठा होता. वर शीर्षक, खाली कोरे कागद. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द रचले, तर तासभर रचून बोलणे काय अवघड, असे त्याने मनाशी म्हटले आणि रेकॉर्डर खणात सरकवला.

धाकटा भाऊ दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. मांडीवरची पिशवी त्याने खाली ठेवली नव्हती. लेखक वाचू लागला. लाकडाचा वास, रंध्याची करकर, भुश्शाने पांढऱ्या झालेल्या भुवया, दोघांनी एका डब्यात जेवणे. एके ठिकाणी धाकटा हसला. "तो रंधा दादाचा होता," तो पुतणीला म्हणाला, "मला हात लावू द्यायचा नाही." त्याने पिशवी जमिनीवर ठेवली.

मग ती जागा आली. मिस्त्रींनी डोळे मिटले. पांघरुणावर त्यांचा अंगठा आणि तर्जनी काहीतरी मोजल्यासारखी ताणली गेली होती.

खरे शब्द माझ्या खणात आहेत, अर्धा तास द्या, एवढे एक वाक्य लेखकाला बोलता आले असते. पण त्या वाक्यामागून फाईलही उघडी पडली असती आणि कोरे कागदही.

"पुढे एका कामावरून," त्याने वाचले, "दोघा भावांत काही गैरसमज झाले. काळ हेच अशा जखमांवरचे औषध."

धाकटा वाट पाहत राहिला. "पुढं?"

"एवढंच आहे."

"गैरसमज," धाकटा हळूच म्हणाला. "बरं." त्याने पिशवी उचलली. "येतो गं. औषधं वेळेवर देत जा त्याला."

मुलगी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांची नजर अधू झाली होती. कान शाबूत होते.

"केवढं मोठं पान आहे हो हे, लेखकसाहेब," ते कुजबुजले. "एकदाही उलटलं नाहीत."

लेखक चाचरत म्हणाला, की रेकॉर्डर आत्ता घेऊन येतो.

"राहू द्या. तो आता येत नाही."

रविवारी मिस्त्री गेले. सोमवारी परवांनी चहा पिता पिता विचारले, मिळाले का दोन दिवस? मिळाले, असे लेखक म्हणाला.

त्याच दुपारी त्याने रेकॉर्डर सुरू केला. मधूनमधून धाप लागत होती, पण एकही शब्द जास्तीचा नव्हता. लोखंड निवताना आकसते, म्हणून पॅटर्न मापापेक्षा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी मोजपट्टीही वेगळी, जरा लांब असते. त्या दिवशी मिस्त्रींनी चुकून साधी पट्टी उचलली होती. सगळा माल लहान निघाला. साहेबांनी विचारले तेव्हा ते गप्प राहिले आणि धाकट्याने मान खाली घातली. "पट्टी माझ्या हातात होती, छोट्या. तुला ठाऊक होतं, तरी तू बोलला नाहीस. चूक माझी."

एक अक्षरही इकडचे तिकडे करण्याजोगे नव्हते.

त्याने धाकट्याला फोन लावला आणि सगळे सांगितले. फाईल, कोरे कागद, खण. रेकॉर्डिंग घेऊन येऊ का, असे विचारले.

"आता ऐकून मी माफ कुणाला करू?" धाकटा म्हणाला, आणि फोन ठेवला.

रेकॉर्डिंगची लांबी चार मिनिटे अकरा सेकंद होती.