चूलबंद नमुना

प्रा. प्रेमचंद छाजेड जळगावच्या कॉलेजात अकरा वर्षं घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त शिकवत होते. पहिलं केळं खाताना जो आनंद होतो तो पाचव्या केळ्याला उरत नाही, असं ते समजावून सांगत. पहिल्या वर्षी यावर वर्ग हसला होता. अकराव्या वर्षी वर्गाने पहिल्याच केळ्याला जांभई दिली, आणि सिद्धान्त खरा आहे याबद्दल सरांची पुरती खात्री पटली.

त्यांचे वडील शेठ उत्तमचंद यांचं दाणाबाजारात डाळीचं दुकान होतं. मुलाने अर्थशास्त्र घेतलं तेव्हा धंद्याला बरं पडेल म्हणून ते खूश झाले होते. पुढे मुलगा म्हणाला, मी ते शिकवणार आहे. शेठजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "असू दे. घरात एक जण पगारी असावा."

अडुसष्ट सालच्या एप्रिलमध्ये प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षीच्या जूनपासून कॉलेजात एम.ए.चा वर्ग सुरू व्हायचा होता. विभागप्रमुख पीएच.डी. असला पाहिजे, अशी अट होती.

"धुळ्याचे भामरे अर्ज करताहेत," प्राचार्य म्हणाले. "त्यांचा प्रबंध टायपिंगला गेलाय म्हणे."

"माझाही होतोच आहे, सर."

"छाजेड, तुमचा सहा वर्षं होतोच आहे."

हे अगदीच खरं नव्हतं. सरांच्या प्रबंधाला प्रस्तावना होती, आभार होते, संदर्भसूची होती. फक्त मधला मजकूर यायचा होता. विषय होता ग्रामीण कुटुंबाचा आहार. पुण्याचे त्यांचे मार्गदर्शक डॉ. मेहेंदळे यांनी एरंडोलजवळचं बोरटेक हे गाव मंजूर केलं होतं आणि दीडशे-पावणेदोनशे घरांतून आकड्यांच्या तक्त्यावरून चाळीस घरं काढून दिली होती. निघताना त्यांनी बजावलं होतं, "नमुना पवित्र असतो. त्यात हात घालायचा नाही."

मे महिन्यात सुट्टी लागली. सरांनी जायच्या एक दिवस आधी बोरटेकला चाळीस घरांची यादी पोचवली आणि गावचा कोतवाल झुलाल याने त्या घरांना निरोप द्यावा, असं पोलीस पाटलांना कळवलं. झुलालने आयुष्यभर घरोघर एकाच प्रकारचा निरोप नेला होता, लग्नाच्या आवतनाचा. त्याने डोक्याला फेटा बांधला, चाळीस दारांत उभा राहिला आणि सवयीने सांगून आला, "उद्या चूलबंद शे." चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायलाच यायचं.

दुसऱ्या दिवशी सर एसटीतून उतरले तेव्हा मारुतीच्या पारासमोर चाळीस कुटुंबं धुतल्या कपड्यांत बसली होती. उरलेला गाव जरा लांब उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. तो कपडे धुऊन आला नव्हता.

"प्रोफेसर सायेब," पोलीस पाटील चुडामण आबा हळूच म्हणाले, "सैंपाक कुठे शे?"

सरांनी खुलासा केला. जेवण नाही, फक्त प्रश्न आहेत, आणि तेही जेवणाबद्दल. चाळीस कुटुंबांनी हे मोठ्या मनाने घेतलं. प्रश्न तर प्रश्न. खरा घोटाळा लांब उभ्या असलेल्यांचा होता. त्यांच्यातून तानुबाई पुढे आली. तिची जाऊ वच्छलाबाई चाळिसांत होती, ती नव्हती, आणि दोघींच्या घरांत एकच भिंत होती.

"भाऊ, आमनं घर कसाले सोडं? आम्ही मरी गऊत का?"

घर का सोडलं, या प्रश्नावर सर गोड हसले. असल्या प्रसंगासाठी त्यांच्याजवळ वर्गातलं एक हुकमी उदाहरण होतं. "अक्का, भात शिजला की नाही ते बघायला आपण सगळा भात चिवडतो का? एक शीत दाबून बघतो. ही चाळीस घरं म्हणजे ते शीत."

"भात?" तानुबाई म्हणाली. "आमना गावमा भात लगीनलेच शिजस. आनि लगीनमा आवतन बठ्ठासले ऱ्हास."

पारावर हशा पिकला. भात फक्त लग्नात आणि लग्नाचं आवतन सगळ्यांना, ही माहिती सरांनी तेवढ्यात टिपून घेतली. सहा वर्षांत मिळालेली ती पहिलीच माहिती होती. पण पुढची मिळेना. ज्या आवतनाला भाऊबंद नाहीत त्या आवतनाला आपणही नाही, असं म्हणून वच्छलाबाईच पहिली उठली. काल रात्री जिने जावेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पातळ झटकलं होतं, तीच ही. तिच्यामागून सगळे उठले. चुडामण आबांनी निकाल सांगितला, "बठ्ठा गाव, नै तर कोनीच नै."

सर संध्याकाळी जळगावला परत आले. जैन घर असल्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत, आणि जेवताना बोलणं शेठजींचं.

"मी रोज नमुना काढतो," शेठजी म्हणाले. "पोत्यात नळी खुपसायची, मूठभर डाळ हातावर घ्यायची, माल कळतो."

"तेच मी करतोय, बापूजी."

"पण शेजारचं पोतं रुसत नाही."

सरांची बायको कुसुमलता वाढत होती. ती म्हणाली, "अहो, मग सगळ्यांनाच विचारा की."

"डॉ. मेहेंदळे काय म्हणतील? नमुना पवित्र असतो."

"मेहेंदळे बोरटेकला येणार आहेत का?" कुसुमलताने पोळी वाढली. "आणि चुलीतलं तुम्हाला कोण सांगणार? मी येते."

नवराबायको दुसऱ्याच दिवसापासून बोरटेकला जाऊ लागले. झुलालने पुन्हा फेटा बांधला आणि या वेळी गावातलं एकही दार सोडलं नाही. चौकशी तानुबाईच्या गल्लीतून सुरू झाली. प्रत्येक घरी काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय पहिलं उत्तर मिळत नसे. गल्ली संपेपर्यंत गावाचा आहार सरांना तोंडपाठ झाला होता. अडचण वेगळीच निघाली. तानुबाईने आठवड्याचं तूप पावशेर सांगितलं. पलीकडून भिंतीला कान लावून बसलेल्या वच्छलाबाईने अच्छेर सांगितलं. तिसऱ्या घराने शेर. सरांनी एसटीत बसून बेरीज केली, तर त्या एका गल्लीत उभ्या जळगावपेक्षा जास्त तूप खपत होतं.

"गेला प्रबंध," सर म्हणाले. "भामऱ्यांना अभिनंदनाची तार करून टाकतो."

"थांबा हो. प्रश्न चुकतोय," कुसुमलता म्हणाली.

सकाळी ती तानुबाईच्या ओट्यावर बसली आणि तिने विचारलं, "अक्का, तुमचं राहू द्या. वच्छलाबाईंकडे तूप किती लागतं?"

"तिले तूप?" तानुबाई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "तूपनी बरनी शे तिनी. पन तिनामा लोनचं शे!"

मग वच्छलाबाईला तानुबाईचं विचारलं. ती म्हणाली, पोळ्याला छटाकभर आणलं होतं, ते अजून दिव्याला चाललंय. त्यानंतर काम वाऱ्यासारखं झालं. स्वतःच्या घराबद्दल कवी असलेला गाव शेजाऱ्याच्या घराबद्दल पक्का हिशेबनीस होता. कोण कोणत्या वाराला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खातो, कोणाची वांगी स्वतःच्या शेतातली आणि कोणाची कुंपणाबाहेरून आलेली, सगळं कळलं. प्रत्येक घर कुणाचं तरी शेजारी होतं, म्हणून एकही घर वगळता येईना. नमुना काढला असता तर ही पद्धत चाललीच नसती, हे सरांच्या लक्षात आलं आणि ते धावत्या एसटीत उभे राहिले. कंडक्टरने त्यांना परत बसवलं.

प्रबंध दिवाळीनंतर पुण्याला गेला. मार्चमध्ये तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. खोलीत डॉ. मेहेंदळे होते आणि दुसरे एक म्हातारे परीक्षक होते, डोळे मिटून बसलेले.

"छाजेड," मेहेंदळे म्हणाले, "चाळीस घरं ठरली होती."

"ती आहेतच, सर. बाकीची त्यांच्याबरोबर आली."

"आणि माणसाला त्याच्या घरचं न विचारता शेजाऱ्याचं विचारायचं, हे कोणतं शास्त्र? मी माझ्या घरात काय खातो ते माझ्याहून दुसऱ्याला जास्त कळेल?"

एम.ए.चा वर्ग, विभागप्रमुखाची खोली, तिच्या दारावरची पाटी, सगळं धुळ्याच्या दिशेने निघालेलं सरांना दिसलं. तेवढ्यात म्हाताऱ्या परीक्षकांनी डोळे उघडले.

"मेहेंदळे, तुमच्याकडे महिन्याला तूप किती लागतं?"

"दोन किलो," मेहेंदळे ताठ बसून म्हणाले.

"छाजेड, आमची दारं समोरासमोर आहेत," म्हातारे म्हणाले. "तुम्ही अर्धा लिहा."

आधी मेहेंदळ्यांचे खांदे हलले, मग मिशा, आणि शेवटी ते मोठ्याने हसले. त्यानंतर पद्धतीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

जूनमध्ये पाटी लागली. धुळ्याच्या भामऱ्यांचा प्रबंध नमुना अपुरा म्हणून परत आला होता. कुठलं चांगलं गाव असेल तर कळवा, अशी त्यांनी दिलदारपणे चौकशी केली. शेठजींनी पाटी दोनदा वाचली आणि पगार वाढला का तेवढं विचारलं.

एम.ए.च्या पहिल्या तासाला जायला सर खोलीबाहेर पडले, तर व्हरांड्यात पागोटी घातलेली पाच-सहा माणसं उभी होती. बोरटेकच्या शेजारच्या गावची होती ती.

"सायेब," त्यांच्यातले भटू नाना म्हणाले, "बोरटेकनं पुस्तक झायं. आमना गावले कसाले सोडं?"

सरांना आता शिताचं उदाहरण द्यावंसं वाटलं नाही. "येतो, नाना," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत नक्की. सगळी घरं."

"या. चूलबंद या, वहिनीसले बी लई या. काय इचारनं ते इचारा." भटू नाना जवळ आले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त आमनं बोरटेकले इचारू नका."