बुडालेला थेंब

"आधी काहीतरी खा. उपाशीपोटी रक्त घेत नाही आम्ही," मान वर न करताच इवज अली म्हणाला आणि त्याने खजुराची बशी पुढे सरकवली.

काबूलमधल्या हजारा जमातीच्या वस्तीत सकाळी एका शिकवणीच्या वर्गात स्फोट झाला होता. रमजान असूनही इस्पितळाच्या रक्तपेढीत रांग लागली होती. समोरच्या माणसाने ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून, कडू औषध घ्यावं तसा खजूर गिळला.

"मोडला रोजा!" तो हसला. "भरून काढीन पुढे कधीतरी. पोरं काय ईदपर्यंत थांबणारेत?"

फारसी मोडकी, हेल पश्तूचा. इवजने आता वर पाहिलं. काळी पगडी, रुंद खांदे.

"गाव?"

"वर्दक. स्पिनगुल म्हणतात मला. बटाट्याची गाडी घेऊन आलोय, डॉक्टरसाहेब."

वर्दकच्याच रस्त्यावर पश्तू बोलणाऱ्या बंदूकवाल्यांनी इवजच्या धाकट्या भावाला बसमधून खाली उतरवून गोळी घातली होती. नाव विचारायचीही गरज पडली नव्हती; हजाराचा चेहरा पुरला. त्यानंतरही इवज दर नव्या शिकाऊ पोराला सांगत आला होता, "बाटलीत भरलं की कुणाचं कुठलं ते भिंगाखालीही कळत नाही. गट तेवढा बघायचा." सांगताना त्याला ते खरंही वाटायचं.

आज त्याने सुई गरजेपेक्षा जोरात टोचली. एक थेंब गट पाहायला काचेवर घेतला, दुसरा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब खड्यासारखा सरळ तळाला गेला. धडधाकट माणसाचं रक्त.

"बुडाला," स्पिनगुल वाकून बघत म्हणाला.

"हो ना. बुडाला म्हणजे रक्त पातळ. चालणार नाही. चला, पुढचा!"

पातळ रक्ताचा थेंब तरंगतो, हे शिकाऊ पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात.

स्पिनगुल बोटाकडे बघत राहिला. "एवढी पोती उचलतो मी..." म्हणत उठला आणि मागच्याला जागा करून दिली.

रांग संपली, तशी शिरीनगुल नर्स धावत आली. "इवजभाई, बी पॉझिटिव्हची एक बाटली द्या. पोरीला टेबलावर घेतलंय."

फ्रीजमध्ये त्या गटाची एकही उरली नव्हती. काचेवर मात्र स्पिनगुलचा थेंब वाळत होता. बी पॉझिटिव्ह.

इवज फाटकापर्यंत पळाला. रस्त्यावर पगड्या पुष्कळ होत्या. ती एक नव्हती. परत पाठवलेल्याला कोणत्या तोंडाने हाक मारायची? तो तसाच उभा राहिला, आणि भिंतीआडून स्पिनगुल तोंड पुसत आला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्याकडेच येत होतो. दोन मुठी मनुका खाल्ल्या. एक म्हातारा थुंकून गेला, म्हणाला, रमजानात चरतोय बैल! म्हटलं, चरू दे बाबा, रक्त वाढवायचंय. बघा बरं आता."

आत येऊन त्याने आपणहून बोट पुढे केलं. इवजने टोचलं. थेंब तळाला गेला.

"पुन्हा बुडाला," स्पिनगुलचा चेहरा पडला. "माफ करा. नाहीच नशिबात."

आता रक्त वाढलंय, असं आणखी एक खोटं सांगता आलं असतं. पण स्पिनगुलने थेंब तळाला जाताना पाहिला होता.

"बुडायलाच हवा," इवज म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "मघाशीही चांगलंच होतं रक्त. मी खोटं बोललो. आत एक पोरगी टेबलावर आहे, तिला तुमच्याच गटाचं रक्त हवंय."

स्पिनगुलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने बाही वर सारली.

"पोरगी थांबलीय ना?" तो म्हणाला. "घे मग."

'डॉक्टरसाहेब' गळून पडलं होतं.

बाटली भरली. शिरीनगुल ती घेऊन पळाली. इवजने रसाचा पेला पुढे केला, तर स्पिनगुलने तो हळूच बाजूला केला.

"नको. औषधापुरतं खाल्लं. आता सूर्य मावळेपर्यंत काही नाही. महिन्याचा मान असतो." भिंतीला हात लावत तो उभा राहिला. दारात क्षणभर थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तुझा रोजा आहे ना?"

पहाटेपासून इवजच्या पोटात पाणीही गेलं नव्हतं; पण रोजा जिभेचाही असतो. पेला हातात धरून तो उभा होता, आणि 'आहे' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना.