अब्बांची पहिली विद्यार्थिनी

२००३च्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ. अब्बा अंगणात शिडाचा फाटका कोपरा शिवत बसले होते आणि मी कापड ताणून धरलं होतं. नौदलातून निवृत्त झाल्यापासून ते रंकाळ्यावर मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवत. गल्लीतल्या आक्काताई आपल्या मुलीला, मनालीला घेऊन आल्या.

"मास्तर, पोरगी बुडली तर वो?"

"बुडाय आधी होडीतनं पडाय लागतंय की," अब्बा म्हणाले. "ही आमची फरहीन बघा. माझी पहिली विद्यार्थिनी. वाऱ्यात एकटी होडी घिऊन जायची."

"व्हय गं?" आक्काताईंनी मला विचारलं.

मी मान हलवली. अब्बा सगळ्या आयांना हेच सांगत आणि मी अशीच मान हलवी. दुसऱ्या दिवशी पहाटे अब्बा गेले.

दिवाळीनंतर मुलांना नौकानयन शिकवण्याच्या कामासाठी त्यांना मरणोत्तर पुरस्कार मिळाला. तो घ्यायला मला बोलावताना निवेदक म्हणाले, "त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी." समोर आक्काताई टाळ्या वाजवत होत्या. शेजारी मनाली बसली होती, अब्बांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे होडी शिकताना तळ्यावरच्या उन्हानं रापलेली. माझी मान वर होईना. मी माईकजवळ गेले.

"आक्काताई, मी अब्बांच्या होडीत कधी बसलेच नाही. मला पाण्याची भीती वाटते. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले."