आखूड दांडीची गिटार

"दुसऱ्याच्या हाताची गिटार आपण निवडू नये, पोरी," व्हर्ना फोनवर म्हणाली होती. "भावाला घेऊन ये. दोन्ही गिटारी मांडीवर घेऊन बघू दे त्याला."

मी हसले. "सख्खा भाऊ आहे. त्याचे हात मला ठाऊक नाहीत?"

"बरं बाई, ऐक मग," ती म्हणाली आणि वाजवू लागली.

व्हर्नाचं वाद्यांचं दुकान जूनो शहरात. आमच्या बेटावरून तिथे फेरीबोटीने जायचं तर दिवस मोडतो, आणि एस्किल तर बोट सोडून गावातसुद्धा येईना. हॅलिबट माशांच्या गळांचा दोर ओढताना त्याचा डावा हात यंत्रात सापडला, तेव्हापासून तो बोटीवरच राहत होता. त्यातच त्याची लाकडी गिटार गेली. बाहेर बाराही महिने ओल, आत डिझेलची शेगडी. लाकूड किती सोसणार? पोट फुगलं, मग उभी चीर गेली. त्याने ती दुरुस्त करायला दिली नाही. "आता कशाला?" एवढंच म्हणाला. माझी झोप उडवली ती या दोन शब्दांनी.

म्हणून कार्बन फायबर. ओल नाही, चीर नाही. एकाच कंपनीच्या दोन गिटारी होत्या, फोटोत शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी: तोच विणल्यासारखा काळा रंग, तेच वजन, तसंच अंग. फरक फक्त दांडीत. एकीची नेहमीच्या लांबीची, दुसरीची जराशी आखूड, पडदे जवळजवळ, म्हणजे बोटं कमी ताणावी लागतात. माझ्या तान्ह्या मारेनला कडेवर झोपवून मी फोनवर दोन्ही ऐकल्या, पुन्हा ऐकल्या. लांब दांडीची जास्त वेळ घुमत होती, एवढं मलाही कळलं. पण मी एस्किलला कॉफी पिताना पाहिलं होतं. कप तो डाव्या हाताच्या दोनच बोटांत धरायचा, बाकीची दोन नुसती वाकून असायची. मी आखूड मागवली.

बोटीवर नेऊन पेटी उघडली तेव्हा एस्किल खरंच खूश झाला. पाठीवर टकटक करून बघितलं, किटलीतलं पाणी तिच्यावर शिंपडलं.

"अगं, हिच्यात सूप शिजवता येईल!"

"आधी वाजव तरी. सूप मग कर."

"मारेन, तुझी आई बघ कशी. आली की हुकूम सुरू."

मग त्याने डावा हात दांडीवर नेला. पहिल्या पडद्यापाशी बोटं पोचली आणि थबकली. त्याने दांडीवरून अंगठा सावकाश फिरवला.

"आखूड आहे."

"थोडीशीच."

"लांब नव्हती?"

"होती. पण तुझ्या बोटांना..."

"म्हणजे ठरवून टाकलंस तू."

"काय ठरवलं?"

"की हा हात आता एवढाच."

"एस्किल, अरे, बदलून मिळते ती!"

"गिटार ना? मिळेल की."

त्याने बाहीने पाणी पुसलं, गिटार पेटीत ठेवली, एकेक कडी लावली. मग मारेनच्या टोपीची नाडी नीट केली आणि म्हणाला, "वारा सुटलाय, तिला घरी ने."

सकाळी बोट धक्क्यावर नव्हती. गिटारची पेटी विजेच्या खांबाला बांधून ठेवलेली. ती गाठ मी सोडवायला गेले आणि तशीच उभी राहिले. डाव्या करंगळीने दोर दाबून धरल्याशिवाय ती गाठ आवळताच येत नाही. आम्हा दोघांना ती बाबांनी शिकवली होती. हात सुधारत होता. मला न सांगता, कुणालाच न सांगता, तो सुधारून घेत होता. मी मात्र कपच बघत बसले होते.

धक्क्यावर विचारलं तर सगळे हसले. आमच्याकडे मासेमारीला निघालेल्याला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. आपली जागा कुणाला कळू नये म्हणून बोटीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून जातात, रेडिओवर गप्प राहतात.

"घबाड लागलं असेल त्याला," शेजारच्या बोटीवरचा हाल्वर म्हणाला. "बहिणीला सांगेल होय? उद्या अख्खं गाव तिथे!"

"हाल्वर, त्याने बर्फ भरलेला नाही."

"भरेल वाटेत."

"आणि गळांच्या टोपल्या? त्या बघा, तिथेच आहेत. काय हाताने धरणार मासे?"

हाल्वरने टोपल्यांकडे बघितलं. मग टोपी काढली आणि रेडिओ लावायला आत गेला.

किनाऱ्यावरच्या बचाव पथकाला कळवलंय. ते शोधताहेत, पण आमचा किनारा म्हणजे फाटक्या जाळ्यासारखा, जिकडे तिकडे खाचा आणि खाड्या. हाल्वर त्याची बोट घेऊन दक्षिणेकडे गेलाय. मी मारेनला पाठीला बांधून रेडिओपाशी बसते आणि तेच तेच बोलते: एस्किल, रागना बोलतेय. माझं चुकलं. लांब दांडीची मागवलीय. नको असेल तर तीही नको. नुसतं बटण दाबून सोड, खरखर ऐकू आली तरी पुरे. रेडिओवर पावसाचे अंदाज येतात, सामन माशाचे भाव येतात. खरखरही येते, ती त्याची की हवेची ते कळत नाही.

तुम्ही सध्या कुयू बेटाच्या पश्चिमेला असाल, तर एवढं करा. हिरवी बोट, पांढरी केबिन, नाव 'मार्गिट'. नांगर टाकून उभी दिसली तर मासे धरत असेल म्हणून लांबून जाऊ नका. जवळ जा, हाक मारा. इथे कुणाच्या बोटीवर न विचारता कुणी पाय ठेवत नाही, हे मलाही माहीत आहे. तुम्ही ठेवा. उत्तर आलं नाही तर सरळ चढा, केबिनचं दार ढकला, आणि माझा भाऊ कसा आहे ते बघा.