काजळीची वाटी

धाकट्या सुनेने डबीची कडी बोटात अडकवली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि श्वास रोखून झाकण ओढलं. तरी वास आलाच. तो नाकातून नव्हे, जणू कातडीतून आत शिरला आणि जिभेच्या मुळाशी जाऊन बसला. डबीत तपकिरी लगदा होता. वर थिजलेल्या चरबीचा पांढुरका पापुद्रा. झाकण सुटताना दोन थेंब उडाले आणि तिच्या मनगटावर पडले.

ती बेसिनकडे धावली. हात साबणाने धुतला, हुंगला, पुन्हा धुतला. सकाळी देवापुढे बसल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. मांस-मासळीला लग्नाआधीही कधी शिवली नव्हती आणि या घरात तर सासूबाईंचा नेम तिच्याहून कडक.

"काय झालं गं?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. झटका येऊन गेल्यापासून त्यांचे शब्द भिजलेल्या कपड्यासारखे जड पडत.

"काही नाही, आई. तुमच्या लाडकीचं ताट वाढतेय."

काजळी ही सासूबाईंची काळी मांजर. त्यांच्या पलंगाशी वाटी ठेवली तरच खायची. तिची लघवी अडली होती. पाणी ती पीत नाही, तेव्हा पोटात पाणी जाईल असं ओलं खाणंच द्या, नाहीतर हातची जाईल, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावून डब्या दिल्या होत्या. माणसांच्या डॉक्टरांनी सासूबाईंनाही तेच सांगितलं होतं. गिळायला त्रास होतो, सगळं मिक्सरमधून काढून द्या, मीठ बेताचं.

"दोघींचं पथ्य एकच," नवरा डबा भरून घेताना हसून म्हणाला होता. "एकाच भांड्यात फिरवत जा."

तिला हसू आलं नव्हतं.

काजळी डबीतला लगदा खाऊ लागली की चपचप आवाज व्हायचा. मिशांना कण चिकटायचे. ते तसेच घेऊन ती सासूबाईंच्या गोधडीत शिरायची. पलीकडच्या खोलीत धाकटी गिऱ्हाइकांचे पडदे शिवायची. पांढऱ्या कापडाला चुण्या घालतानाही तो वास बोटांना लागलाय असं तिला वाटत राहायचं. दुपारी तीच बोटं घेऊन ती सासूबाईंना भरवायला बसे. हिरवट-पिवळा लगदा, चमचा, ओठांच्या कोपऱ्यातून निसटणारी धार, ती पुसणं, पुन्हा चमचा. भरवताना ती भिंतीकडे बघे; चार घास झाले की वाडगा त्यांच्या झटक्यातून वाचलेल्या, चालत्या हाताशी ठेवून मशीनकडे पळे. न चाखता केलेलं, न बघता भरवलेलं.

चौथी डबी तिने उघडलीच नाही. बाजारातून कोरड्या दाण्यांची पिशवी आणली. छोटी, गोल, बिस्किटांसारखी निरुपद्रवी. वाटीत ओतली तेव्हा खणखणली.

"हे तिला नाही चालत," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी..."

"आई, एका घरात दोन ओली पोटं मला नाही झेपत." धाकटीचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "ही कोरडं खाईल तर राहील. नाही खाल्लं तर दादांच्या गोदामात सोडू. तिथे उंदीर आहेत, मजेत राहील."

दादा म्हणजे थोरले दीर. त्यांच्या गोदामात कुत्रीही होती. चालता हात उचलून सासूबाईंनी काजळीच्या पाठीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाटीत दाणे तसेच. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना उशीखालून मुंग्यांची रांग निघाली. त्यात तपकिरी चुरा होता. मांजर कुठेही घेऊन लपवते, असं पुटपुटत धाकटीने चादर झटकली.

मग मात्र वाटी रिकामी होऊ लागली. रोज, अगदी पुसून. धाकटीला हायसं वाटलं. तिने नवऱ्याला सांगितलंही, "बघा, माजलेली होती नुसती. भूक लागली की सगळं गोड लागतं."

फक्त सासूबाईंच्या तोंडाला वास यायला लागला. खारट, शिळा, ओळखीचा आणि तरी न ओळखता येणारा. भरवताना ती आता चमचा हाताच्या अंतरावरूनच पुढे करू लागली. हिरड्या पिकल्या असतील. दातांच्या डॉक्टरांना घरी बोलवायला हवं.

आणि एका सकाळी पूर्ण झालेल्या पडद्यावर काजळीने घाण केली. पातळ, फेसाळ, हिरवट. चुण्यांच्या आत, अस्तरापर्यंत गेलेली. धाकटी नाकाला पदर लावून उभी राहिली. मग तिने मांजर टोपलीत घातली आणि दवाखाना गाठला. एवढं शेवटचं, मग गोदाम.

डॉक्टरांनी काजळीचं पोट दाबून पाहिलं.

"लघवी छान सुटलीय, ताई. डब्या चालू ठेवल्यात ना?"

"नाही. कोरडंच देते."

"नुसतं कोरडं?"

"दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कोरडं खाऊन एवढं पाणी पोटात जात नाही. आणि ही जी घाण म्हणताय, हिरवी, ती भाजीची. दूधही असणार, ते हिला बाधलंय. हिला कुणीतरी ओलं भरवतंय. वाईट हेतूनं नाही, पण तेवढं थांबवा."

घरी आल्यावर तिने सासूबाईंचा वाडगा भरला. नेहमीसारखा भरवायला बसली नाही. "मशीनवर काम राहिलंय, आई, येतेच," असं म्हणून वाडगा त्यांच्या चालत्या हाताशी ठेवला, मांजरीच्या वाटीत दाणे ओतले आणि दाराआड थांबली.

सासूबाईंनी वाडगा कलता करून पलंगाच्या कडेशी धरला. काजळी पुढचे पाय टेकवून लपलप चाटू लागली. मग सासूबाई वाकल्या. खूप वेळ वाकत राहिल्या. वाटी हाताला लागली तशी ती वर घेतली, पाण्याच्या पेल्यात थोडे दाणे टाकले, ते फुगेपर्यंत डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते. मग एकेक दाणा चिमटीत धरून जिभेवर ठेवू लागल्या.

दार ढकलून धाकटी आत गेली.

"आई, थुंका ते."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गिळायला त्यांना वेळ लागायचा. तो घेऊन त्यांनी गिळलं.

"त्यात मासे असतात."

"ठाऊक आहे. वास येतो की."

"जन्मभर तुम्ही... देवाला काय सांगाल?"

"त्याला रोज सांगते. आधी सांगते, मग तोंडात टाकते."

"अहो, पण फेकून द्यायचं."

"कुठे? खिडकीपर्यंत जाता येतं का मला? उशीखाली ठेवलं तर मुंग्या झाल्या. तूच झटकलंस." त्या दमल्या, थांबल्या. "वाटी भरलेली दिसली असती तर तू तिला घालवलं असतंस. तू बोललीस ते करतेस. तुझा स्वभाव आहे तो."

काजळी वाडग्याचा काठ चाटत होती. तिची मान धरून धाकटीने तिला खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेली, माळ्यावर टाकलेल्या डब्यांतली एक घेऊन आली आणि तिथेच, पलंगाजवळ, तिने ती उघडली. डोळ्यांत पाणी आलं. लगदा वाटीत पडताना भसकन आवाज झाला.

"शी, काय घाण मारतंय हे," सासूबाईंनी चालत्या हाताने नाक दाबलं. "लांब ठेव बाई. माझ्या पोटातलं वर येईल."

"मलाही येतंय," धाकटी म्हणाली.

दोघी तशाच बसल्या, एकीने हाताने आणि एकीने पदराने नाक धरून. मधे काजळी चपचप खात होती. कुणी तिला हटकलं नाही.

धाकटीने हात धुतले. मिक्सरच्या भांड्यात उरलेला सासूबाईंचा लगदा स्वच्छ वाडग्यात काढला, नवा चमचा घेतला आणि सासूबाईंजवळ बसली. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"रागावलात?"

"नाही गं."

"मग खा ना. आता तर मांजर राहणार आहे. ते दाणे खायचं कारण उरलं नाही."

सासूबाई गोधडीचा दोरा ओढत राहिल्या. ओठाच्या कोपऱ्यातला ओघळ त्यांनी स्वतःच पुसला.

"पहिल्या दिवशी ओकारी आली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही. मग..." लाजल्यासारखं त्यांनी तोंड फिरवलं. "त्याला चव आहे गं."

चमचा धाकटीच्या हातात तसाच होता. तिने त्यातल्या लगद्याकडे पाहिलं. इतके महिने रोज ढवळलेला, गाळलेला, कोमट केलेला. तो तिने स्वतःच्या तोंडात घातला.

मीठ नव्हतं. काहीच नव्हतं. ओलं, कोमट, कशाचंच नसलेलं काहीतरी जिभेवर पसरलं आणि तिथेच राहिलं.

सासूबाई बघत होत्या. थुंकायला जागा नव्हती.

तिने गिळलं.