भिंतीवरची एकच प्लेट

आमच्या भागात ज्याच्या दारात ट्रक, त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर जुन्या नंबरप्लेटा ठोकलेल्या असणारच. मुदत संपली की प्लेट उतरते आणि भिंतीवर चढते. माझे सासरे स्वतःच्या नावावर गुरांचे ट्रक चालवायचे. त्यांच्या प्लेटांची रांग दारापासून थेट खिडकीपर्यंत आहे. खिडकीच्या पलीकडची भिंत माझ्या नवऱ्याची, डेल्बर्टची. ती कोरी.

म्हणजे त्याने ट्रक चालवला नाही असं नाही. सगळं आयुष्य त्यातच गेलं. ट्रक त्याचा, हप्ते त्याचे, टायर त्याचे, डिझेल त्याचं. पण या धंद्यात आपला ट्रक एखाद्या कंपनीकडे लावायचा असतो. मग दारावर कंपनीचं नाव येतं आणि बंपरवर कंपनीची प्लेट. कंपनी सोडली की त्याच दिवशी प्लेट काढून परत पाठवायची. डेल्बर्टने चार कंपन्या केल्या. तीन प्लेटा परत गेल्या, चौथी बंपरवर लटकत होती. घर आपलं आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात, असा हा कारभार.

चौथ्या कंपनीत ट्रिपा वाटायचा वेंडेल. कोणी नेत नाही तो माल डेल्बर्टच्या गळ्यात. ईस्टरला न्यू जर्सी, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी थेट मेन राज्यात. डेल्बर्ट चिडला की वेंडेलचं उत्तर ठरलेलं.

"सोडायचंय? सोड की लेका! स्क्रू ड्रायव्हर आहे ना? प्लेट काढ, पाठव, आणि बस अंगणात ट्रक सजवून. नवी कंपनी नवी प्लेट देईल तोवर बायकोला भांडी घासायला मदत कर."

नवी प्लेट यायला महिना सहज जायचा, आणि महिनाभर उभा ट्रक आम्हाला परवडणारा नव्हता. हे वेंडेलला आमच्याइतकंच ठाऊक होतं. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की फोनवर त्याचा आवाज आला तरी माझा मक्याचा पाव करपायचा.

शेवटी डेल्बर्ट म्हणाला, "रूथॅन, मी स्वतःच्या नावाची प्लेट काढतो. मग एका कंपनीतून शुक्रवारी निघायचं आणि सोमवारी दुसरीचा माल भरायचा. कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही."

वर्षाची फी एकदम भरावी लागते, म्हणून त्याने मासेमारीची होडी विकली. रविवारी चर्चनंतर तो त्या होडीत जायचा. तेवढंच त्याचं सुख होतं. होडी घेऊन जाणाऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

प्लेट आली. शर्टाच्या बाहीने त्याने ती पुसली. कंपनीची काढली, आपली लावली, आणि दहा पावलं मागे जाऊन बघत राहिला. पहिलं मूल झालं तेव्हाही हा असाच खुळ्यासारखा उभा होता.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

"मुदत पुढच्या मार्चपर्यंत," तो म्हणाला. मग त्याने तिथूनच वेंडेलला फोन लावला, कंपनी सोडल्याचं सांगितलं आणि इतक्या वर्षांचं सगळं तोंडावर फेकलं. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. दुसरी कंपनी आधी शोधावी, हे त्याला सुचलं नाही. सुचेल कशाला? प्लेट हाती आली की सगळ्या कंपन्या उघड्या, हेच तर आयुष्यभर ऐकलं होतं.

पहिल्या कंपनीतली पोरगी फोनवर फार गोड बोलली. "वा, स्वतःची प्लेट आहे? मस्तच, सर! ट्रक कोणत्या सालचा?"

त्याने साल सांगितलं.

"अरेरे. एवढा जुना ट्रक आम्ही नव्याने नाही घेत, सर. विमावाले ऐकत नाहीत."

दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. ट्रक वेंडेलच्या कंपनीत लागला तेव्हा बरा तरुण होता आणि तिथेच म्हातारा झाला. घरातल्या म्हाताऱ्याला कोणी वय विचारत नाही. तोच उद्या नव्याने दारात उभा राहिला की विचारतात. स्वतःची कंपनी काढायची, तर विम्यालाच ट्रकच्या किमतीहून जास्त मागत होते.

मग डेल्बर्टने गिळायचं ते गिळलं आणि वेंडेलला फोन केला.

"मला वाटलंच होतं तू करशील," वेंडेल म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "डेल्बर्ट, तू हवास रे मला. पण तू सोडलंस आणि ट्रक आमच्या यादीतून गेला. आता आत घ्यायचा तर नवा म्हणून घ्यावा लागतो. नव्याला सालाचा नियम आहे."

"तोच ट्रक आहे, वेंडेल. तुझ्याच गेटमधून बाहेर पडलाय."

"माहितीये. मी दोनदा वरच्या साहेबांना विचारलं. कंपनी न सोडता नुसत्या शिव्या दिल्या असत्यास, तर मी खाऊन घेतल्या असत्या रे."

त्या माणसाचा राग धरायची सोयही मला उरली नाही.

ट्रक उन्हाळाभर अंगणात उभा राहिला. शेवटी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीच्या मालकाने, हॉलिस याउंटने, तो विकत घेतला. खड्ड्यातून दगड फोडायच्या क्रशरपर्यंत दगड न्यायचे आणि रिकामं परत यायचं. ट्रक घ्यायला तो स्वतः आला.

"प्लेट काढून ठेव तुला," तो म्हणाला. "खाणीच्या आत फिरायला नाही लागत. आणि डेल्बर्ट, चालवायलाही माणूस पाहिजे मला. तुझ्याइतकं या गाडीला कोण ओळखतं?"

डेल्बर्टने स्क्रू ड्रायव्हर आणला. ते काम त्याला चांगलं येत होतं.

संध्याकाळी मी हातोडी आणि खिळे काढले. कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "आण, लावते."

"नको," तो म्हणाला. "मार्चपर्यंत जिवंत आहे ती. भिंतीवर मेलेल्या लावतात."

मग रोज सकाळी डब्याच्या पिशवीत सँडविचखाली ती प्लेट जायची आणि संध्याकाळी यायची. मी कधी विचारलं नाही. खाणीत तिला कोण बघणार होतं?

एप्रिलच्या पहिल्या सकाळी पिशवी टेबलावर होती आणि प्लेट तिच्या शेजारी काढून ठेवलेली होती. तो खाणीवर गेल्यावर मी ती भिंतीवर ठोकली. संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गेला, पाय झटकून खडीची धूळ काढली, आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.